घरगुती सौर विद्युत् संचातील इन्व्हर्टर : निवड आणि वापर

घराच्या छपरावर दोन-तीन सौर पॅनेले बसवून आपल्या गरजेपुरती वीज निर्माण करणे ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. अशा संचाचा आराखडा करताना पॅनेले किती वॉटची घ्यावीत आणि बॅटरी किती अँपिअर-तासांची असावी, यांचा विचार बहुधा काळजीपूर्वक केला जातो. इन्व्हर्टरच्या बाबतीत मात्र 'थोडा मोठाच घ्यावा, म्हणजे पुढे अडचण नको' एवढ्या एका सूत्रावर निवड उरकली जाते. हे सूत्र वरकरणी शहाणपणाचे दिसते. परंतु लहान संचाच्या बाबतीत ते पुष्कळदा चुकीचे ठरते आणि त्याचा दंड गृहस्थाला रात्रंदिवस भरावा लागतो. असे का होते हे इन्व्हर्टरच्या कार्यपद्धतीवरून स्पष्ट करणे आणि त्यावरून निवडीचे व वापराचे काही नियम काढणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. येथे मुख्यतः बॅटरीवर चालणाऱ्या, एक किलोवॉटच्या आतबाहेरच्या संचाचाच विचार केला आहे. वीजजाळ्याशी जोडलेल्या संचांचा परामर्श शेवटी थोडक्यात घेतला आहे.

१. इन्व्हर्टरचे कार्य

सौर घटापासून मिळणारा प्रवाह एकदिश असतो. संचायक बॅटरीत साठविला जाणारा प्रवाहही एकदिशच असतो. आपल्या घरातील बहुतेक उपकरणे मात्र २३० व्होल्ट दाबाच्या आणि सेकंदाला ५० आवर्तने करणाऱ्या प्रत्यावर्ती प्रवाहासाठी बनविलेली असतात. या दोहोंमधील अंतर भरून काढण्याचे काम इन्व्हर्टर करतो. प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर करणाऱ्या एकदिशकारकाचे कार्य याने उलटे फिरविले, म्हणून त्यास 'उलटविणारा' या अर्थाचे हे नाव मिळाले. इ. स. १९२५ मध्ये डी. सी. प्रिन्स यांनी 'जनरल इलेक्ट्रिक रिव्ह्यू' या नियतकालिकात 'द इन्व्हर्टर' याच शीर्षकाचा लेख प्रसिद्ध केला होता. त्या काळी हे कार्य निर्वात व वायुपूरित नलिकांकडून करून घ्यावे लागे. १९५४ मध्ये बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा व्यवहारोपयोगी सौर घट तयार झाला आणि त्याच दशकाच्या अखेरीस सिलिकॉनचा नियंत्रित एकदिशकारक, म्हणजेच थायरिस्टर, उपलब्ध झाला. पुढे मॉस्फेट जातीचे ट्रँझिस्टर आले आणि आज भिंतीवर टांगता येईल एवढ्या पेटीत हे सर्व सामावले आहे.

पेटी लहान झाली तरी तत्त्व तेच आहे. चार विद्युत् स्विचांची एक चौकट असते. त्यांपैकी समोरासमोरील दोन मिटले की भारातून प्रवाह एका दिशेने वाहतो. ते उघडून दुसरे दोन मिटले की तो उलट दिशेने वाहतो. ही अदलाबदल सेकंदाला शंभर वेळा झाली म्हणजे ५० आवर्तनांचा प्रत्यावर्ती प्रवाह मिळाला. बॅटरीचा १२ किंवा २४ व्होल्टचा दाब २३० व्होल्टपर्यंत चढविण्यासाठी रोहित्राचे साहाय्य घेतले जाते. येथपर्यंतचे कार्य सोपे आहे. खरा प्रश्न त्यातून निघणाऱ्या तरंगाच्या आकाराचा आणि हे सर्व चालू ठेवण्यास लागणाऱ्या खर्चाचा आहे.

२. तरंगाचा आकार

बाजारात तीन प्रकारचे इन्व्हर्टर मिळतात : चौरस तरंगाचे, 'सुधारित ज्या-तरंगा'चे आणि शुद्ध ज्या-तरंगाचे. वीज मंडळाकडून येणारा दाब ज्या-तरंगाच्या आकाराचा असतो. त्याचे वर्गमाध्यमूळ मूल्य २३० व्होल्ट असते, तेव्हा त्याचे शिखर मूल्य सुमारे ३२५ व्होल्ट असते. चौरस तरंगात ही दोन्ही मूल्ये एकच असतात. म्हणजे २३० व्होल्टच्या चौरस तरंगाचे शिखरही २३० व्होल्टच राहते. दूरचित्रवाणी संच, संगणक, भ्रमणध्वनीचे चार्जर यांसारखी उपकरणे आत येणारा दाब प्रथम एकदिश करून धारित्रात साठवितात आणि हे धारित्र शिखर मूल्यापर्यंत भरत असते. अशा उपकरणास चौरस तरंगावर अपेक्षेपेक्षा बराच कमी दाब मिळतो.

सुधारित ज्या-तरंगात प्रत्येक अर्ध्या आवर्तनात काही काळ दाब शून्य ठेवला जातो. हा शून्यकाळ एकूण काळाच्या निम्मा ठेवला, तर शिखर ३२५ व्होल्ट आणि वर्गमाध्यमूळ मूल्य २३० व्होल्ट ही दोन्ही साधतात. या युक्तीचा लाभ वर सांगितलेल्या उपकरणांना होतो. परंतु 'सुधारित' या शब्दावरून हा तरंग ज्या-तरंगाच्या अधिक जवळ गेला असे जे समजले जाते, ते या ठिकाणी खरे नाही. फूर्ये-विश्लेषण केल्यास असे दिसते की, चौरस तरंगात तिसरे हरात्मक मूल तरंगाच्या एकतृतीयांश आणि पाचवे एकपंचमांश असते, तर निम्मा शून्यकाळ असलेल्या या तरंगातही नेमकी हीच प्रमाणे येतात. दोहोंची एकूण हरात्मक विकृती सुमारे ४८ टक्केच भरते. शून्यकाळ एकतृतीयांश ठेवल्यास तिसरे हरात्मक नाहीसे होऊन विकृती सुमारे ३१ टक्क्यांपर्यंत उतरते. परंतु मग २३० व्होल्टसाठी शिखर २८२ व्होल्टच राहते. एक साधावे तर दुसरे निसटते, अशी ही स्थिती आहे.

या हरात्मकांचा त्रास कोणाला होतो? साध्या तापदीपाला किंवा विजेच्या शेगडीला होत नाही, कारण त्यांना केवळ वर्गमाध्यमूळ मूल्याशी कर्तव्य असते. छताच्या जुन्या पंख्याला मात्र होतो. त्याच्या एका वेटोळ्याच्या एकसरीत धारित्र असते. २.५ मायक्रोफॅरडच्या धारित्राचा प्रतिरोध ५० आवर्तनांना सुमारे १,२७० ओहम असतो, तर १५० आवर्तनांना तो ४२५ ओहमच्या आसपास येतो. म्हणजे तिसऱ्या हरात्मकाला तिप्पट मोकळी वाट मिळते. पंख्यातून येणारी घरघर आणि वेटोळ्याची वाढलेली उष्णता यांचे मूळ येथे आहे. कला बदलून वेग कमी करणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रकही अशा तरंगावर नीट चालत नाहीत.

शुद्ध ज्या-तरंगाच्या इन्व्हर्टरमध्ये स्विचांची उघडझाप सेकंदाला हजारो वेळा होते आणि प्रत्येक स्पंदाची रुंदी ज्या-फलनाच्या नियमाने बदलत ठेवलेली असते. नंतर वेटोळे व धारित्र यांच्या गाळणीतून जाताना उच्च कंप्रतेचे घटक गळून पडतात व गुळगुळीत तरंग उरतो. घरात चलित्र असलेले एक जरी उपकरण नित्य वापरात असेल, तर याच प्रकारचा इन्व्हर्टर घेणे इष्ट होय.

मापनासंबंधी एक सूचना येथे आवश्यक आहे. साधा मल्टिमीटर प्रत्यक्षात सरासरी मूल्य मोजतो आणि त्यास १.११ ने गुणून दाखवितो. हा गुणक केवळ ज्या-तरंगास लागू आहे. त्यामुळे २३० व्होल्टच्या चौरस तरंगावर तो सुमारे २५५ व्होल्ट दाखवील, तर निम्मा शून्यकाळ असलेल्या सुधारित तरंगावर सुमारे १८० व्होल्टच दाखवील. दाब दोन्हीकडे तोच आहे. चूक मापकाच्या गृहीताची आहे. अशा मापनासाठी खरे वर्गमाध्यमूळ मूल्य दाखविणारा मापकच वापरला पाहिजे.

३. इन्व्हर्टरचा स्वतःचा वीजखर्च

इन्व्हर्टर हे वीज पुरविणारे साधन आहे, असे आपण मानतो. परंतु ते वीज खाणारेही उपकरण आहे, आणि घरातील इतर उपकरणे बंद असतानाही ते खात असते. नियंत्रक मंडल जागे ठेवणे, रोहित्राच्या गाभ्याचे चुंबकन, स्विचांची उघडझाप या सर्वांस भार असो वा नसो, काही शक्ती लागतेच. भार वाढला म्हणजे त्यात आणखी दोन खर्चांची भर पडते : एक भाराच्या प्रमाणात वाढणारा आणि दुसरा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे तारांच्या रोधामुळे वाढणारा. भारास पुरविलेली शक्ती 'श' मानल्यास

हानी = अ + ब × श + क × श²

असे लिहिता येईल. उदाहरणादाखल १,००० वॉटच्या एका इन्व्हर्टरसाठी अ = १५ वॉट, ब = ०.०४ आणि पूर्ण भाराला वर्गपदाची हानी ५० वॉट, अशी मूल्ये धरू. लहान इन्व्हर्टरच्या बाबतीत ही मूल्ये वास्तवापासून दूर नाहीत. यावरून ३० वॉटच्या भाराला कार्यक्षमता सुमारे ६५ टक्के, १०० वॉटला ८४ टक्के, ४०० वॉटला ९१ टक्के आणि पूर्ण भाराला ९० टक्क्यांहून किंचित अधिक येते. रोहित्राप्रमाणेच येथेही स्थिर हानी व वर्गपदाची हानी समान होतात तेथे, म्हणजे सुमारे ५५० वॉटला, कार्यक्षमता कमाल होते.

आता याच जातीचा ३,००० वॉटचा इन्व्हर्टर घेऊ. त्याचा शून्यभार खर्च ४० वॉट आणि पूर्ण भाराला वर्गपदाची हानी १५० वॉट धरली, तर १०० वॉटच्या भाराला त्याची कार्यक्षमता ६९ टक्के आणि ३० वॉटला केवळ ४२ टक्के उरते. जाहिरातीत दिलेली 'नव्वदहून अधिक टक्के' ही संख्या असत्य नसते. परंतु ती आलेखाच्या शिखराची असते. लहान घर त्या शिखरावर क्वचितच पोहोचते. रात्रभर एक पंखा आणि एक दिवा एवढाच भार असलेले घर आलेखाच्या डाव्या, उतरत्या टोकाला राहत असते. युरोपात वीजजाळ्याच्या इन्व्हर्टरांसाठी जी भारित सरासरी काढतात, तीत अर्ध्या भारावरील कार्यक्षमतेला ०.४८ एवढे वजन दिले जाते, तर पाच टक्के भारावरील कार्यक्षमतेला अवघे ०.०३. मोठ्या संचाला हे योग्य आहे; आपल्या प्रश्नात मात्र वजनांचा क्रम जवळजवळ उलटा लागतो.

४. एका घराचा हिशेब

वरील विवेचन आकड्यांत पाहणे उपयुक्त ठरेल. महाराष्ट्रातील शेतावरच्या एखाद्या वस्तीतील घर घेऊ. ९ वॉटचे चार एलईडी दिवे पाच तास, ३० वॉटचा ब्रशविरहित चलित्राचा एक पंखा आठ तास, ६० वॉटचा दूरचित्रवाणी संच चार तास, भ्रमणध्वनीचा चार्जर १० वॉट चार तास आणि ६०० वॉटचा मिक्सर दहा मिनिटे, असा दैनंदिन वापर धरला, तर अनुक्रमे १८०, २४०, २४०, ४० आणि १०० मिळून ८०० वॉट-तास होतात. (पंखा जुन्या पद्धतीचा, ७५ वॉटचा असता, तर एकट्या त्यालाच ६०० वॉट-तास लागले असते. इन्व्हर्टर घेण्यापूर्वी पंखा बदलणे बहुधा स्वस्त पडते.)

हेच ८०० वॉट-तास चार प्रकारे पुरविता येतील. पहिल्या प्रकारात ३,००० वॉटचा इन्व्हर्टर चोवीस तास चालू आहे : त्याचा शून्यभार खर्च ९६० वॉट-तास आणि इतर हानी मिळून बॅटरीतून रोज सुमारे १,८०० वॉट-तास काढावे लागतात. दुसऱ्या प्रकारात १,००० वॉटचा इन्व्हर्टर चोवीस तास चालू आहे : शून्यभार खर्च ३६० वॉट-तास, एकूण मागणी सुमारे १,२०० वॉट-तास. तिसऱ्या प्रकारात तोच इन्व्हर्टर सायंकाळी सहापासून पहाटे पाचपर्यंत अकरा तास, तसेच दिवसा मिक्सरपुरता चालू ठेवला आहे : एकूण मागणी सुमारे १,००० वॉट-तास. चौथ्या प्रकारात दिवे आणि पंखा थेट बॅटरीच्या एकदिश प्रवाहावर चालतात व इन्व्हर्टर केवळ पाच तास चालू राहतो : एकूण मागणी सुमारे ९०० वॉट-तास.

चारही घरांत उजेड तेवढाच आहे, वारा तेवढाच आहे. पहिल्या घराची मागणी मात्र शेवटच्या घराच्या दुप्पट आहे. बॅटरी भरताना व पॅनेलच्या उष्णतेमुळे आणि धुळीमुळे होणारी घट धरून दिवसाला पाच तासांचे पूर्ण ऊन मिळते असे मानल्यास, या घरांना अनुक्रमे सुमारे ५६०, ३७५, ३१० आणि २८० वॉटची पॅनेले लागतील. पहिल्या घरातील जवळजवळ अर्धी पॅनेले इन्व्हर्टरच्याच पोटासाठी छपरावर बसली आहेत, असे म्हणण्यास हरकत नाही.

पावसाळ्यात हा फरक अधिकच तीव्र होतो. आषाढ-श्रावणात ऊन पाचऐवजी तीन तासांइतकेच मिळाले, तर ५६० वॉटच्या पॅनेलांपासून बॅटरीमार्गे सुमारे १,०७५ वॉट-तास हाती लागतील; त्यांतील ९६० इन्व्हर्टरच घेईल आणि घरासाठी शंभर-सव्वाशे उरतील. तिसऱ्या घराला ३१० वॉटपासून सुमारे ५९५ वॉट-तास मिळतील. त्यांतून १६५ गेले तरी ४०० च्या वर उरतील. दिवे आणि थोडा वेळ पंखा तेवढ्यात निभावतो. ऊन कमी झाले म्हणून स्थिर हानी कमी होत नाही, हे लहान संचाच्या आराखड्यातील सर्वांत महत्त्वाचे सत्य आहे. ढगाळ आठवड्यात बॅटरी मृतप्राय होण्याची कारणे शोधताना प्रथम या खर्चाकडे पाहिले पाहिजे.

काही इन्व्हर्टरांमध्ये भार नसताना झोपी जाण्याची आणि मधूनमधून स्पंद पाठवून भार आला आहे काय हे चाचपण्याची सोय असते. ती उपयुक्त आहे. परंतु एखादा लहान एलईडी दिवा तिच्या जाणिवेच्या मर्यादेखाली राहून लागतच नाही, असाही अनुभव येतो. खरेदीपूर्वी ही मर्यादा किती वॉटची आहे ते पाहावे.

५. क्षणिक भार आणि व्होल्ट-अँपिअर

मग इन्व्हर्टर लहानात लहान घ्यावा काय? तसेही नाही. चलित्र सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या नित्याच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह घेते. धावताना १२० वॉट घेणारा शीतकपाटाचा साधा संपीडक सुरू होताना पाच ते सात पट प्रवाह मागतो. हा काळ सेकंदाच्या अंशाचा असला, तरी तेवढ्यात दाब कोसळला तर चलित्र फिरतच नाही, तसेच अडकून राहते व तापते. म्हणून इन्व्हर्टरचे दोन आकडे पाहावयाचे : सतत देता येणारी शक्ती आणि क्षणभर देता येणारी शक्ती. दुसरा आकडा किती सेकंदांसाठी आहे हे विचारल्याखेरीज त्यास अर्थ नाही. वरच्या घरात सर्व दिवे, पंखा, दूरचित्रवाणी व चार्जर मिळून १३६ वॉट होतात. त्यात मिक्सर मिळविला तरी ७३६ वॉट. काही सेकंद दुप्पट शक्ती देऊ शकणारा १,००० वॉटचा इन्व्हर्टर या घराला पुरेसा आहे. इस्त्री, पाणी तापविण्याची कांडी, गिझर ही उपकरणे अशा संचावर लावूच नयेत. त्यांच्यासाठी इन्व्हर्टर वाढविणे म्हणजे दिवसातील दहा मिनिटांसाठी चोवीस तासांचा कर भरणे होय.

इन्व्हर्टरवर पुष्कळदा वॉटऐवजी व्होल्ट-अँपिअर छापलेले असतात. या दोहोंमध्ये शक्तिगुणकाचा फरक असतो. ९०० व्होल्ट-अँपिअरचा इन्व्हर्टर ९०० वॉट देईल असे गृहीत धरू नये, शक्तिगुणक ०.८ असेल, तर त्याची मर्यादा ७२० वॉटवर येते. माहितीपत्रकात वॉटचा आकडा वेगळा दिलेला असतो, तोच हिशेबात धरावा.

६. बॅटरीचा दाब आणि तारा

१,००० वॉटचा भार ८५ टक्के कार्यक्षमतेने १२ व्होल्टवरून पुरवावयाचा झाल्यास बॅटरीतून सुमारे ९८ अँपिअर काढावे लागतात. २४ व्होल्टवर हाच प्रवाह ४९ अँपिअर होतो. बॅटरी व इन्व्हर्टर यांत दोन मीटर अंतर असून तांब्याची तार १६ चौरस मिलिमीटर छेदाची असेल, तर जाण्यायेण्याच्या चार मीटर तारेत पहिल्या बाबतीत सुमारे ०.४२ व्होल्ट व ४१ वॉट खर्ची पडतात. दुसऱ्या बाबतीत ०.२१ व्होल्ट व १० वॉट. दाब दुप्पट केल्याने तारेतील हानी चतुर्थांश होते, हा परिचित नियम येथे प्रत्यक्ष पैशांत दिसतो. म्हणून पाचशे-सहाशे वॉटच्या पुढे १२ व्होल्टचा संच टाळून २४ व्होल्टचा करावा, आणि कोणत्याही परिस्थितीत इन्व्हर्टर बॅटरीच्या जवळ ठेवून लांबी वाढवावयाची ती २३० व्होल्टच्या तारांचीच वाढवावी.

इन्व्हर्टरच्या पेटीतच सौर प्रभारण-नियंत्रक असेल, तर तो कोणत्या जातीचा आहे हेही पाहणे आवश्यक आहे. साधा नियंत्रक पॅनेलला बॅटरीच्या दाबावर खेचून आणतो. ७२ घटांचे, ३३० वॉटचे पॅनेल ३७.५ व्होल्टला ८.८ अँपिअर देते. ते अशा नियंत्रकाने १२ व्होल्टच्या बॅटरीस जोडल्यास प्रवाह ८.८ अँपिअरच राहतो आणि १३ व्होल्टने गुणल्यास हाती सुमारे ११४ वॉटच लागतात. पॅनेलचा कमाल शक्तिबिंदू शोधणारा नियंत्रक दाब उतरवून प्रवाह वाढवितो व ही लूट थांबवितो.

७. दाबाचा तोडबिंदू

बॅटरी फार रिती होऊ नये म्हणून ठरावीक दाबाला इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. १२ व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीसाठी हा बिंदू पुष्कळदा १०.५ व्होल्ट ठेवलेला असतो. मोठ्या प्रवाहाला तो योग्य आहे, कारण त्या वेळी अंतर्गत रोधामुळे दाब खाली आलेला असतो. परंतु भार लहान असताना हाच दाब येईपर्यंत बॅटरी संपूर्ण रिकामी झालेली असते. विश्रांतीत १२.१ व्होल्ट दाखविणारी बॅटरी अर्धीच उरलेली असते, हे लक्षात घेतले म्हणजे १०.५ व्होल्ट किती खोल आहे याची कल्पना येईल. घरातील माणसे झोपली आहेत, पंखा व इन्व्हर्टर मिळून ५० वॉट घेत आहेत आणि तोडबिंदू मोठ्या भारासाठी ठरविलेला आहे, अशा स्थितीत बॅटरीचे आयुष्य एकेक रात्रीने कमी होत जाते. तोडबिंदू बदलता येत असल्यास लहान भारासाठी तो ११.४ व्होल्टच्या आसपास ठेवावा.

याच्या उलटही घडते. बॅटरीचा अंतर्गत रोध व सांध्यांचा रोध मिळून ०.०१ ओहम असेल, तर मिक्सरचे ५५ अँपिअर वाहू लागताच दाब ०.५५ व्होल्टने उतरतो. बॅटरीत वीज असूनही इन्व्हर्टर बंद पडतो व दोष इन्व्हर्टरला दिला जातो. अशा वेळी प्रथम बॅटरीची टोके घासून स्वच्छ करावीत व सांधे आवळावेत. लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीचा दाब रिकामी होईपर्यंत जवळजवळ सपाट राहतो. म्हणून तिच्यासाठी तोडबिंदू व प्रभारण-दाब हे दोन्ही वेगळे असावे लागतात. शिसे-आम्ल बॅटरीसाठी बनविलेल्या इन्व्हर्टरला ती तशीच जोडणे योग्य नाही.

८. वीजजाळे असलेल्या घरात

महाराष्ट्रात इ. स. २००५ नंतरच्या काही वर्षांतील भारनियमनामुळे इन्व्हर्टर हा शब्द घरोघरी पोहोचला. तो इन्व्हर्टर जाळ्याच्या विजेवर बॅटरी भरून ठेवणारा व वीज गेली म्हणजे दोन-चार तास साथ देणारा होता. असाच जुना इन्व्हर्टर ठेवून बॅटरीला केवळ पॅनेले जोडली, तर एक विचित्र प्रकार घडतो : रात्री वीज असते तेव्हा इन्व्हर्टर बॅटरी पूर्ण भरून टाकतो आणि सकाळी ऊन येते तेव्हा ते साठविण्यास जागाच नसते. पॅनेले छपरावर असूनही विजेचे देयक कमी होत नाही. सौर विजेला प्राधान्य देणारा, म्हणजे बॅटरी पुरेशी भरलेली असता जाळे स्वतःहून सोडून देणारा इन्व्हर्टरच अशा घरात हवा.

दुसरा प्रकार जाळ्याशी समकालिक होऊन त्यातच वीज सोडणाऱ्या इन्व्हर्टरचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या 'पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजने'त एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले, अशा योजनांतील छपरांवर बहुधा याच जातीचा, बॅटरीविरहित इन्व्हर्टर असतो. तो जाळ्याच्या तरंगावरच आपली कंप्रता व कला बेतत असल्याने जाळे बंद पडताच त्याने थांबणे बंधनकारक असते. अन्यथा बंद समजून तारेला हात लावणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवाशी खेळ होईल. भर दुपारी छपरावर ऊन असताना घरातील पंखा थांबतो तो दोष नव्हे, ती सुरक्षितता आहे. ज्याला वीज गेल्यावरही पुरवठा हवा, त्याने बॅटरीसह दोन्ही कार्ये करणारा संकरित इन्व्हर्टर घ्यावा. मात्र त्याच्या शून्यभार खर्चाचाही वरीलप्रमाणेच हिशेब करावा.

९. मांडणी व सुरक्षितता

बॅटरीच्या धन टोकाजवळच योग्य क्षमतेची वितळतार असावी. लघुपरिपथ झाल्यास शेकडो अँपिअर वाहू शकतात. प्रत्यावर्ती प्रवाहाचा स्विच एकदिश मंडलात वापरू नये, कारण एकदिश प्रवाह शून्यातून जात नसल्याने त्याची ठिणगी आपोआप विझत नाही. शिसे-आम्ल बॅटरी भरताना हायड्रोजन बाहेर पडतो व हवेत त्याचे प्रमाण चार टक्के झाले की मिश्रण स्फोटक बनते. म्हणून बॅटरी व इन्व्हर्टर एकाच बंद कपाटात ठेवू नयेत. पत्र्याच्या छपराखाली, उन्हाळ्यात तापणाऱ्या माळ्यावरही इन्व्हर्टर ठेवू नये. परिसराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले म्हणजे पुष्कळ इन्व्हर्टर आपली पूर्ण शक्ती देऊ शकत नाहीत. पेटीच्या धातूच्या आवरणाचे भूसंपर्कन करावे. आणि घरात जाळ्याची वीज असल्यास इन्व्हर्टरचे निर्गम टोक बदल-स्विचाखेरीज घराच्या तारांना कधीही जोडू नये.

१०. समारोप

वरील विवेचनाचा इत्यर्थ असा की, इन्व्हर्टरची निवड इन्व्हर्टरपासून सुरू होत नाही. ती भारापासून सुरू होते. एलईडी दिवा आत आलेला प्रत्यावर्ती प्रवाह पुन्हा एकदिश करतो आणि ब्रशविरहित पंखा तर स्वतःच्या पोटात आणखी एक लहान इन्व्हर्टर बाळगतो. एकदिश विजेचे प्रत्यावर्ती आणि प्रत्यावर्तीचे पुन्हा एकदिश करण्यात जे गमावले जाते, ते टाळता येईल काय, हा पहिला प्रश्न. उरलेल्या भाराला क्षणिक मागणीसह किती शक्ती लागते, हा दुसरा. आणि तेवढी शक्ती देणाऱ्या इन्व्हर्टरांपैकी शून्यभार खर्च कोणाचा सर्वांत कमी, हा तिसरा. किंमत व जाहिरात यांचा क्रम त्यानंतर लागतो.

शून्यभार खर्च माहितीपत्रकात नेहमी दिलेला असतोच असे नाही. परंतु तो मोजणे अवघड नाही. सर्व भार काढून बॅटरीच्या तारेतील एकदिश प्रवाह मोजावा व बॅटरीच्या दाबाने गुणावा. आलेल्या वॉटना चोवीसने गुणले की रोजचा खर्च मिळतो. याच मापनास दोन निरनिराळ्या भारांवरील मापनांची जोड दिली, तर वरील समीकरणातील अ, ब व क ही तिन्ही मूल्ये काढता येतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एका दुपारी प्रयोगशाळेत करता येण्याजोगा हा प्रयोग आहे. बाजारातील इन्व्हर्टर घेऊन अशी मूल्ये पद्धतशीर रीतीने गोळा झाली, तर शेतावरच्या वस्तीतील एखादे कुटुंब श्रावणाच्या रात्री उजेडात राहील की अंधारात, हे खरेदीपूर्वीच सांगता येईल.